लोटननाना फिल्टर काढतात तेव्हा

लोटननानांना राग यायला फार काही लागत नाही, एक मळका फिल्टर पुरतो. एसीचं झाकण उघडायचं, आतली जाळी बाहेर ओढायची आणि तिच्यावर गोधडीएवढा धुळीचा थर दिसला की त्यांच्या मानेच्या शिरा टरटरून फुगतात. मग समोर घरमालक आहे, डॉक्टर आहे की सराफ, याचं भान त्यांना राहत नाही. जळगावात पस्तीस वर्षं कूलर आणि एसीची कामं केलेला हा माणूस. त्यांच्या लाइनीतले लोक म्हणतात, "नाना मशीन दुरुस्त करतात आणि माणसं बिघडवून येतात." हे नानांच्या कानावर गेलं तेव्हा ते त्यांच्या धुळ्याकडच्या बोलीत एवढंच म्हणाले, "आधीच बिघडेल शेतस त्या. मी काय बिघाडसू?"

मूळचे ते धुळ्याजवळच्या फागण्याचे. विशीच्या आत होते तेव्हापासून कूलरच्या ताट्यांमध्ये गवत भरायचं काम करायचे. उन्हाळाभर हाताला लाकडाच्या भुशाचा वास आणि बोटांत कुसळं. पुढे जळगावला आले, खिडकीतले एसी शिकले, मग भिंतीवरचे, मग बंगल्यांच्या छतात लपवलेले मोठे, पाइपांतून खोल्याखोल्यांत हवा सोडणारे. मशिनं बदलत गेली. माणसं मात्र तीच राहिली, असं नानांचं ठाम मत. लाखाचं मशीन आणतील, त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढतील, आणि आतली ती हातभर जाळी चार वर्षांत एकदाही धुणार नाहीत!

धुळ्यातला एक किस्सा अजून सांगितला जातो. पाचकंदीलजवळ एका कापडवाल्याच्या घरी लहान मुलाच्या शिंका थांबत नव्हत्या. तीन डॉक्टर झाले होते. नानांना बोलावलं होतं ते एसीचा आवाज येतो म्हणून. नानांनी फिल्टर काढला, तसाच धरून दिवाणखान्यात गेले आणि पांढऱ्याशुभ्र सोफ्यावर दोनदा दणादण आपटला. खोलीत ढग उठला. "हाऊ शे तुम्हना पोऱ्याना आजार!" नाना गरजले. "डॉक्टर कसाले बदली राहिनात? हाई जाळी बदला!" बाई रडायला लागल्या, शेठजींनी नानांना हाताला धरून घराबाहेर काढलं. पंधरा दिवसांनी त्याच शेठजींचा फोन आला, की मुलाच्या शिंका कमी झाल्या, आता दुकानातलाही एसी पाहून जा. त्या दिवशी नानांनी मनाशी गाठ मारली की ओरडल्याशिवाय माणूस हलत नाही. गोड बोलणाऱ्याला लोक चहा पाजतात आणि विसरून जातात.

या रागाच्या मुळाशी त्यांचे वडील होते. झुलालबाबा धुळ्याच्या एका जिनिंगात कामाला होते. कापसाची बारीक तूस दिवसभर हवेत तरंगायची, भुवयांवर बसायची, छातीत उतरायची. संध्याकाळी ते ओट्यावर बसून खोकायचे आणि पोरं हसायची, कारण बाबांच्या मिशा पांढऱ्या झालेल्या असायच्या. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले. शेवटच्या महिन्यात त्यांना आडवं होता येत नव्हतं. नानांना आजही त्या जिनिंगच्या मालकाचा राग आहेच, पण त्याहून जास्त राग आहे तो तेव्हा गप्प बसलेल्या सगळ्यांचा. मुकादम गप्प, शेजारी गप्प, स्वतः बाबाही गप्प. कुणीतरी बोंब मारायला हवी होती, एकाने तरी! मग नानांनी आयुष्यभर ती बोंब मारली, जिथे धूळ दिसेल तिथे.

नानांची बायको भागाबाई शांत बाई. ती म्हणायची, "मशीनवर आरडा, मानसंवर नको." नाना म्हणायचे, मशीनला कान असते तर तसंच केलं असतं.

सावद्याच्या हितेंद्र भंगाळेंचं काम आलं ते गेल्या हिवाळ्यात. केळीचे मोठे बागायतदार. रावेर रस्त्याला नवा बंगला बांधला होता. छतात एकच मोठं मशीन, उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात गरम, आणि घरातली हवा परत ओढून घेणारी एक मोठी चौकोनी जाळी पॅसेजच्या भिंतीत, कमरेएवढ्या उंचीवर. त्या जाळीमागेच फिल्टर बसणार होता. एवढा सगळा घाट घातला होता तो हितेंद्रच्या आईसाठी, बेबाबाईंसाठी. वय बहात्तर. पन्नास वर्षं केळीच्या बागेत राबलेलं शरीर, आणि आता दमा. थंडी पडली की छाती भरायची, उन्हाळ्यात धूळ उडाली की जीव कासावीस व्हायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, खोलीची हवा एकसारखी ठेवा आणि धूळ आत येऊ देऊ नका.

जळगावच्या दुकानात हितेंद्रने सगळ्यात जाड, सगळ्यात दाट फिल्टर उचलला. "नाना, हाच घेऊ. सगळ्यात बारीक गाळतो. हॉस्पिटलमध्ये हाच असतो."

"हॉस्पिटलमा त्याना मांगे पंखा केवढा रहास, तो देखा का?" नानांचा पारा तिथेच चढला.

"पण आईसाठी सगळ्यात भारी..."

नानांनी खांद्यावरचा बागायती रुमाल काढला, त्याची चौघडी केली आणि भर दुकानात हितेंद्रच्या नाकातोंडावर दाबून बांधली. "आता तो जिना चढा. वर जाऊन या." हितेंद्र भला माणूस. शेतीत एमएस्सी झालेला, आईवर जीव असलेला. चढला बिचारा. माळ्यावर जाऊन खाली येईपर्यंत लालबुंद झाला होता आणि रुमाल ओरबाडून काढत होता.

"कळलं? हाऊ तुम्हना हॉस्पिटलवाला फिल्टर. तुम्हना मशीनले एवढी ताकद नई. हवाच ओढता येनार नई त्याले. आईना दमा राहिना बाजूले, मशीनलेच दमा व्हई!"

मग नानांनी दुसरी टोकाची वस्तूही दाखवली, नायलॉनची साधी जाळी. ती माशा अडवते, धूळ नाही. घ्यायचा तो मधला, कागदी पंख्यासारख्या घड्या घातलेला. बारीक धूळ बऱ्यापैकी अडवतो आणि मशीनलाही श्वास घेऊ देतो. मशीनच्या कागदांत कंपनीने नेमका तेवढाच दाट सांगितलेला होता, पण ते कागद हितेंद्रने वाचले नव्हते, याबद्दल वेगळी बोलणी बसली. नानांनी स्वतः टेपने चौकटीचं माप घेतलं. फिल्टर आणि चौकट यांच्यात बोटभर फट राहिली तरी हवा फिल्टरमधून जायचं सोडून त्या फटीतून पळते. बसवल्यावर चारी कडांना कागदाची पट्टी धरून ती कुठे फडफडते का ते पाहिलं. हितेंद्रची बायको डिंपल शेजारी उभी राहून शिकत होती. "महिन्यातून एकदा काढायचा आणि उन्हाकडे धरायचा," नानांनी तिला बजावलं. "पलीकडचा उजेड दिसला नाही की बदलायचा. त्यात विचार करायचा नाही."

बेबाबाई खुर्चीवर बसून सगळं पाहत होत्या. हिवाळा छान गेला. संक्रांतीनंतर हितेंद्रने फोन करून सांगितलं, की आई यंदा एकदाही रात्री उठून बसली नाही. नाना त्या दिवशी कुणावरच ओरडले नाहीत, असं भागाबाई सांगते.

एप्रिलमध्ये नाना ठरल्याप्रमाणे मशीन तपासायला सावद्याला गेले. बंगल्यासमोर रस्त्याचं काम काढलेलं. मुरमाचे ढीग, रोलर, केळीचे ट्रक, सगळा आसमंत तांबडा. नानांनी भिंतीतली जाळी उघडली आणि फिल्टर ओढला. त्याच्या घड्या दिसेनाशा झाल्या होत्या. हातात वीट धरल्यासारखा तो तांबडा ठोकळा.

"कोन देखत व्हतं हाई?" आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला.

डिंपलने सांगायचा प्रयत्न केला, की पाहुणे होते, लग्नं होती, दीड महिना झाला असेल. नानांनी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. फिल्टर अंगणात नेऊन फरशीवर आपटला. हितेंद्र शेतातून नुकताच आला होता, त्याच्याकडे वळले. "शिकेल सवरेल मानसे तुम्ही! लग्नं महत्त्वानी, का मायना जीव? माय मारानी शे का तुम्हले? मारानी व्हई तं सरळ सांगा, मी मशीनच काढी लयी जास!" डिंपलच्या डोळ्यांत पाणी आलं. हितेंद्र तिच्याकडे पाहून काहीतरी बोलला, ती त्याच्यावर उसळली, आणि दोघांचं तिथेच जुंपलं. पॅसेजमधल्या खुर्चीत बेबाबाई दम्याचा पंप मुठीत धरून बसल्या होत्या. त्यांच्याकडे नानांचं लक्ष नव्हतं. नवा फिल्टर बसवला, उभ्या उभ्या ताक प्याले आणि गाडीला किक मारली. काम चोख झालं होतं. आता महिनाभर तरी हे घर विसरणार नाही, या समाधानात ते जळगावला पोचले.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात हितेंद्रचा फोन आला. पारा सेहेचाळिसाच्या वर होता. "नाना, मशीन थंडच करत नाही. छतातून पाणी टपकतंय. आईचं रात्रीपासून वाढलंय, डॉक्टर येऊन गेले." मग तो म्हणाला, "मी तेव्हाच सांगत होतो, भारीचा घेऊ. तुमचा मधला फिल्टर फेल गेला."

फेल गेला! नानांनी जेवणाचं ताट सारलं. भर दुपारी बाराला ते दुचाकीवर निघाले. तोंडाला रुमाल, डोळ्यांत आग, आणि अंगावर भट्टीतून आल्यासारखा वारा. नशिराबादला पाणी प्यायला थांबले, भुसावळ मागे टाकलं, आणि सगळ्या वाटेने मनातल्या मनात हितेंद्रला शिव्या घालत गेले. त्यांना खात्री होती. या दीडशहाण्याने मागच्या मागे तो हॉस्पिटलवाला फिल्टर आणून बसवला असणार. हवा कोंडली की आतली नळी गोठते, बर्फ धरते, आणि बर्फ वितळला की छत गळतं, हे कळायला त्यांना मशीन उघडायचीही गरज नव्हती. काय काय बोलायचं ते त्यांनी फैजपूर येईपर्यंत ठरवून टाकलं होतं.

घरात शिरताच त्यांनी आधी बेबाबाईंची खोली पाहिली. धुळीसाठी खिडक्या गच्च बंद, आणि मशीनच्या वरच्या झरोक्यातून हवा येत नव्हती. खोली नुसती तापलेल्या डब्यासारखी. बेबाबाई तीन उशांना टेकून बसल्या होत्या. प्रत्येक श्वासाला शिट्टी वाजत होती. नानांना बाबांचे शेवटचे दिवस आठवले आणि डोक्यात सणक गेली.

आधी खिडक्या उघडल्या, टेबलफॅन लावला, मशीन बंद केलं. मग पॅसेजमधली जाळी उघडली.

हॉस्पिटलवाला फिल्टर नव्हता. नानांचाच मधला फिल्टर होता, पण त्याच्यावर एक पांढरं कापड ताणून बसवलेलं होतं. सावद्याच्या शेंबड्या पोरालाही ओळखू आलं असतं असं कापड. केळीचा घड पडला की धूळ लागू नये, किडीने साल डागाळू नये म्हणून त्याला जी पातळ पिशवी घालतात, तिचं. ती पिशवी उसवून, दुहेरी करून, कडेने बारीक टाके घालून फिल्टरवर बसवली होती. मधल्या फिल्टरचा त्या दोन पदरांनी जाड फिल्टरहून वाईट फिल्टर झाला होता. कापड धुळीने तांबूस होतं आणि खालचा फिल्टर दुकानातून आणल्यासारखा पांढरा.

नानांनी टाके तोडून कापड ओढून काढलं आणि हितेंद्रच्या अंगावर फेकलं.

"हाई काय शे? काय शे हाई? तिकडे घडले घालतस, आठे मायना नाकले घाला! घडले श्वास लेना पडत नई रे भाऊ! मानूस शे ती! मी एवढं घसा फोडी सांगं, उजेड देखा, हवा जाऊ द्या, आनि तुम्ही बठ्ठी हवा बांधी टाकी! एमएस्सी व्हयनात ना? कोनता मास्तरनी शिकाडं हाई?"

"नाना, शपथ घेऊन सांगतो, मी नाही." हितेंद्र कापड हातात घेऊन पाहतच राहिला. मग बायकोकडे वळला. "डिंपल?"

"मी?" डिंपल संतापली. "त्या दिवसापासून मी तिथे हात लावायलाही घाबरते. आईच म्हणाल्या, तू राहू दे, मी पाहते. दर आठ दिवसांनी विचारलं की म्हणायच्या, एकदम स्वच्छ आहे."

"खोटं नका बोलू कोनी!" नाना ओरडले. "बहात्तर सालनी बाई टाके घालनार का? तिनावर ढकली राहिनात! लाज..."

"मीच लावलं, भाऊ."

बेबाबाई खोलीच्या दारात उभ्या होत्या. एका हाताने चौकट धरलेली. डिंपल धावली, पण त्यांनी तिला हातानेच थांबवलं. एवढ्याशा बोलण्याला त्यांना तीनदा थांबावं लागत होतं.

"तुमी त्या दिवशी... लय आरडले. हे दोघं... दोन दिवस बोलले नही एकमेकाशी. पोरगा जेवला नही. माह्या खोकल्यापायी." त्यांनी श्वास घेतला. "या कापडानं घडाले... एक डाग लागत नही. बागेत पाह्यलं म्या. म्हटलं... फिल्टरलेबी लागनार नही. तुमी याल... तं चोख दिसंन. कोनाले बोलनार नही."

बाहेर रोलरची घरघर चालू होती.

"पण आई, खोलीत इतकं उकडत होतं," हितेंद्र कसाबसा म्हणाला. "सांगितलं का नाही?"

"चौथ्याच दिवशी कळलं मले. हवा कमी येते." बेबाबाई मुलाकडे न पाहता नानांकडे पाहत होत्या. "सांगितलं असतं तं... तू यायले बलावलं असतं. मंग हे पुन्हा आरडले असते. म्हटलं... सोसू थोडं. पावसाळा काय... लांब नही." मग त्यांनी चौकट सोडली आणि दोन्ही हात जोडले. "चुकलं माह्यं, भाऊ. पोराले काही बोलू नका."

नानांच्या हातात फिल्टर तसाच होता. स्वच्छ, पांढरा, एकही डाग नसलेला. त्यांच्या आयुष्यात कितीतरी लोकांनी त्यांची माफी मागितली होती, डॉक्टरांनी, वकिलांनी, धुळ्याच्या त्या शेठजींनीसुद्धा, आणि दरवेळी त्यांना बरं वाटलं होतं. ती माणसं सुधारली असं वाटायचं. आज समोर ही म्हातारी हात जोडून उभी होती. जवळजवळ महिनाभर तिने एकेक श्वास ओढून काढला होता, तो धुळीच्या भीतीने नाही. ती लोटन मिस्तरीला घाबरली होती. राग अजून तसाच अंगात भडकलेला होता, पण आता तो टाकायला समोर कुणी उरलं नव्हतं. हितेंद्र नाही, डिंपल नाही, आणि ही तर नाहीच. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं त्यांना वाटलं. चार माणसांत तेही करता येईना.

गोठलेला बर्फ वितळेपर्यंत नुसता पंखा चालवायचा असतो. त्यांनी फिल्टर परत चौकटीत बसवला, कडा तपासल्या, पंखा सुरू केला. सगळं न बोलता. एवढं न बोलता काम त्यांनी पस्तीस वर्षांत केलं नव्हतं. थोड्या वेळाने झरोक्यातून वाऱ्याची झुळूक आली. डिंपलने बेबाबाईंना खुर्चीत बसवून पाणी दिलं होतं, आणि त्या तिथूनच नानांच्या हाताकडे टक लावून पाहत होत्या, आता काय होतं म्हणून.

नाना त्यांच्यासमोर जाऊन उकिडवे बसले. काहीतरी मऊ बोलायचं होतं. शब्द त्यांनी शोधून ठेवले होते, आवाज मात्र तोच निघाला, जिनिंगच्या मालकाला ऐकू जावा म्हणून कमावलेला, घरभर घुमणारा.

"अक्का, मी आते आरडत नई!"

बेबाबाई दचकल्या. पेल्यातलं पाणी लुगड्यावर सांडलं, आणि त्यांचा एक हात आपोआप तोंडासमोर आला.

"बरं, भाऊ," त्या घाईघाईने म्हणाल्या. "बरं, बरं."